ती चार कथावाचने का थांबवलीत? वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

वाचनालयाच्या सूचनाफलकावर आपल्या सहीशिक्क्यानिशी लागलेली सूचना मी वाचली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होणारी ‘झुंडीच्या कथा’ ही कथावाचनाची मालिका ‘तूर्त स्थगित’ करण्यात आली असून तिच्यासाठी वेगळी काढलेली पुस्तके यापुढे चिटणिसांच्या लेखी परवानगीनेच मिळतील, असे तीत म्हटले आहे. कारणे तीन दिली आहेत. विषय परदेशातील वर्णद्वेषाचा असल्याने आपल्या वाचकांशी त्याचा संबंध नाही. कथांमध्ये हिंसेची वर्णने आहेत. आणि अशा चर्चांनी सभासदांमधील सलोख्याला बाधा येते. या निर्णयाबद्दल मी आपल्याला आधी लेखी विचारले होते. त्यावर ‘मंडळात ठरले आहे’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले, म्हणून आता उघडपणे लिहीत आहे. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सभासदाला हा निर्णय आणि त्यावरचा आक्षेप, दोन्ही कळले पाहिजेत.

मी या वाचनालयाची आजीव सभासद आहे. माझी आईही होती, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातून तिच्याबरोबर पुस्तके बदलायला येण्याची शाळकरी वयात लागलेली सवय आजतागायत सुटलेली नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. मालिकेतील इंग्रजी कथांची वाचनापुरती मराठी रूपे मीच तयार केली, कारण आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ ज्येष्ठ वाचकांना मूळ इंग्रजी, त्यातही अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली, जड जाते. केलेले काम धूळ खात पडणार याचा राग या पत्रात मुळीच नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मात्र तेवढ्यासाठी मी हा खटाटोप केला नसता.

ठरलेल्या सहा वाचनांपैकी जी दोन झाली त्यांविषयी आधी सांगते, कारण निर्णय घेणाऱ्या बहुतेक सदस्यांना दोन्ही वेळा येणे जमले नव्हते.

पहिली कथा विल्यम फॉकनर यांची, ‘ड्राय सप्टेंबर’, १९३१ सालची. बासष्ट दिवस पाऊस नाही. शनिवारची संध्याकाळ, गावातले केशकर्तनालय, दाढी करून घ्यायला बसलेली गोरी माणसे. चाळिशीला टेकलेली मिनी कूपर नावाची अविवाहित बाई आणि बर्फाच्या कारखान्यावरचा कृष्णवर्णीय रखवालदार विल मेझ यांच्याबद्दल गावात काहीतरी उठले आहे. नक्की काय, ते दुकानातल्या एकालाही ठाऊक नाही. हॉकशॉ नावाचा न्हावी पुन्हापुन्हा सांगतो की, मी विलला ओळखतो, तो तसला माणूस नव्हे. कुणीतरी विचारतो, खरेच घडले का हो असे? त्यावर मॅक्लेंडन नावाचा माजी सैनिक उसळून म्हणतो की घडले की नाही याने काय फरक पडतो. एखादा काळा खरोखरच तसे करीपर्यंत आपण वाट पाहायची का?

या एका प्रश्नासाठी मी ही कथा मालिकेत पहिली ठेवली होती. मॅक्लेंडनकडे पुरावा नाही, आणि आपल्याकडे तो नाही हे त्याला माहीत आहे. त्याचे काही अडत नाही, कारण ‘ही माणसे कशी असतात’ हे वाक्य त्याच्या मनात, आणि दुकानातल्या सगळ्यांच्याच मनात, फार पूर्वीपासून तयार आहे. अफवेने फक्त त्या वाक्यात एक नाव भरायचे असते. रागाच्या भरात माणसे आंधळी होतात आणि मग झुंड जमते, असे आपण सर्रास म्हणतो. फॉकनर दाखवतात ते उलट आहे: निकाल आधी लागलेला असतो, आरोप मागाहून येतो आणि राग तर सर्वांत शेवटी, काहीसा ओढूनताणून आणावा लागतो. दुकानातला एकजण उकाड्यानेच हैराण झालेला आहे. तो विल मेझला ओळखतही नसावा.

आणि तो न्हावी. तो या लोकांना थांबवायला म्हणून त्यांच्याच मोटारीत चढतो. बेड्या घातलेला विल मेझ धडपडताना हात फिरवतो, ते न्हाव्याच्या तोंडावर बसतात, आणि न्हावीही त्याला उलट मारतो. मग तो धावत्या मोटारीतून उडी टाकून गावाकडे लंगडत परततो. वाचन संपल्यावर आपल्या एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले होते, ‘‘माणूस भला होता, मग त्यांच्या गाडीत बसलाच कशाला?’’ त्या प्रश्नावर त्या दिवशी जी चर्चा झाली, तिला मी आपल्या वाचनालयातील उत्तम चर्चांपैकी एक मानते. शिपायाने दिवे मालवायला सुरुवात केली तरी कुणी उठत नव्हते.

त्या चर्चेत एका महाविद्यालयीन मुलीने मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’मधला प्रसंग काढला, तोही इथे नोंदवते. कर्नल शेरबर्न भर रस्त्यात एका नि:शस्त्र दारुड्याला गोळी घालतो. गाव दोऱ्या घेऊन त्याला फासावर लटकवायला त्याच्या घरी येते. तो दुनळी बंदूक घेऊन ओसरीच्या छपरावर उभा राहतो, जमावाला भेकड म्हणून फटकारतो, आणि जमाव पळतो. म्हणजे डोळ्यांदेखत खून केलेला माणूस वाचतो, आणि ज्याच्याविरुद्ध एकही साक्षीदार नाही तो विल मेझ मरतो. दोन लेखकांमध्ये जवळजवळ अर्ध्या शतकाचे अंतर आहे, पण दोन्ही गावे शेजारशेजारची वाटतात. झुंड माघार घेते की नाही, हे दारात कोण उभा आहे यावर ठरते. भाषण ठोकण्याची संधी शेरबर्नला मिळाली, कारण तो गोरा होता आणि कर्नल होता. ही तुलना त्या मुलीची आहे, माझी नव्हे. तिचा निबंध आपण आपल्या स्पर्धेतून ‘विषयबाह्य’ म्हणून परत केला आहे.

दुसरे वाचन बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचे झाले. १९६३ साली आलेल्या याच नावाच्या संग्रहातली ही कथा मराठी आहे, आणि तिचे गाव उधना, म्हणजे सुरतेच्या शेजारचे, आपण मुंबईला जाताना ज्या स्थानकावरून जातो ते. रेल्वेत नोकरीला आलेला तरुण कवी जात लपवून भाड्याची खोली मिळवतो. जोवर जात माहीत नसते, तोवर भोवतालची माणसे त्याला मान देतात. ती कळते, आणि तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. शेवटी तो म्हणतो की मला यांनी कुठे मारले, मला मनूने मारले. विल मेझच्या कथेनंतर ही ऐकताना श्रोत्यांच्या आपसूक लक्षात आले ते मी मुद्दाम सांगितले नव्हते: मारणाऱ्यांच्या हातून चाललेले काम त्यांनी स्वत: त्या दिवशी ठरवलेले नसते.

जात आणि वंश एकच, असा माझा दावा नाही. ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ सालच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच जातीचा वांशिक सिद्धान्त खोडून काढला होता. पण पूर्वग्रहापासून काठीपर्यंतचा रस्ता दोन्हीकडे इतका सारखा आहे की एक कथा वाचताना दुसरी आठवल्याशिवाय राहत नाही. याच वाचनानंतर एका सभासदांनी ‘जुनी मढी कशाला उकरता’ म्हणून तक्रार केली आणि त्यानंतर आपली सूचना लागली, असे मला समजते. तसे असेल, तर ‘परदेशी विषय’ हे कारण लंगडे आहे. अमेरिकेतल्या खुनाची कथा ऐकून कुणीच तक्रार केली नव्हती. ती आली उधन्याची कथा ऐकल्यावर.

तरीही आपण दिलेली कारणे जशीच्या तशी घेऊन माझे म्हणणे मांडते.

पहिले कारण, विषय परका असल्याचे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. मराठीत या प्रश्नाचा विचार तेव्हापासून चालू आहे, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले हेही आपणांस माहीत आहे. त्यातून आपण राहतो बडोद्यात. सयाजीराव महाराजांनी अमेरिका पाहिली, तिथली ग्रंथालये पाहिली, आणि १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. आपल्या प्रत्येक वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर आपण हा वारसा मिरवतो. ज्या अमेरिकेने आपल्याला ग्रंथालय दिले, त्याच अमेरिकेत त्याच वर्षांत माणसे झाडांना टांगली जात होती. टस्कीगी या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदीनुसार १८८२ ते १९६८ या काळात तिथे ४,७४३ झुंडबळी गेले, आणि त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होते. ग्रंथालय आपले आणि ही नोंद मात्र परकी, हा हिशेब मला पटत नाही.

त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. ते उघड झाले तेव्हा संतापलेल्या पारशी मंडळींचा जथा हातांत काठ्या घेऊन त्यांच्या खोलीवर चालून आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे बजावून गेला. हे त्यांनी स्वत: लिहून ठेवले आहे. त्यांना एकही काठी बसली नाही, पण सार्वजनिक बागेत वेळ काढून त्यांना रात्रीच्या गाडीने हे शहर सोडावे लागले. ज्या कमाटी बागेत आपण सकाळी फिरायला जातो, तिथला, ते त्या दिवशी ज्याखाली बसले असे सांगतात तो वड दाखवायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. चोरलेले नाव, भाड्याची खोली आणि काठ्या घेतलेली माणसे: बागूलांच्या कथेचा ऐवज तिच्याआधी शेहेचाळीस वर्षे इथे, आपल्या गावात, प्रत्यक्ष घडून गेला आहे.

भूतकाळ सोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक माणसांच्या गटाने वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्या यादीत पहिला शब्द ‘वंश’ आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. योगायोग असा की त्याच्या बरोबर सहा वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले होते. संसदेला जो विषय आपला वाटतो, तो आपल्या वाचनालयाला परका वाटावा?

आता या विषयाशी माझा जो आणखी एक, घरचाच संबंध आहे त्याविषयी. माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर पूर्व आफ्रिकेतून औषधनिर्माणशास्त्र शिकायला आलेला एक विद्यार्थी भाड्याने राहतो. माझ्याकडे येण्याआधी त्याला खोली नाकारणाऱ्यांची यादी लांबलचक होती. एका दलालाने तर ‘काळे लोक मांस शिजवतात, वास जात नाही’ असे त्याच्या तोंडावर सांगितले होते. वर मोबाइलला नीट रेंज मिळत नाही म्हणून तो एका संध्याकाळी सोसायटीच्या बागेच्या कुंपणाशी उभा राहून घरच्यांशी बोलत होता. कुणीतरी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला: हा माणूस केव्हाचा मुलांकडे बघत उभा आहे. त्याखाली कुणी लिहिले, अमली पदार्थ विकणारे असेच उभे असतात. मग मुले पळवणाऱ्या टोळीचा तो जुना, वर्षानुवर्षे फिरणारा मजकूर कुणी जोडला. दिवेलागणीला आमच्या फाटकाशी दहाबारा माणसे उभी होती. त्यांच्या हातांत काही नव्हते, हे सांगितले पाहिजे. आवाज मात्र चढलेले होते, आणि ‘‘बेन, एने नीचे बोलावो’’ हे वाक्य ज्या सुरात म्हटले गेले, तो सूर आमच्या गल्लीत मी पूर्वी ऐकला नव्हता. मी फाटकाची कडी धरून उभी राहिले. बोलण्याचा फारसा उपयोग होत नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘एमनां कपडां तो हुं ज इस्त्री करुं छुं.’’ यांचे कपडे तर मीच इस्त्री करतो. गर्दी सैल पडली. एकेक करून मंडळी निघून गेली.

त्या माणसांत दोघे आपल्या वाचनालयाचे नियमित वाचक आहेत. दोघेही सज्जन आहेत. एरवी माझ्या अडीअडचणीला धावून येतात. त्या संध्याकाळी कुणीही जाणूनबुजून खोटे बोलले नाही. प्रत्येकाने आपल्याला ‘काळ्या लोकांविषयी’ आधीपासून जे माहीत होते, तेवढेच पुढे जोडले. हॉकशॉच्या दुकानात नेमके हेच झाले होते. आमच्याकडे ते फाटकाशी थांबले. बेंगळुरूमध्ये जानेवारी २०१६ च्या अखेरीस थांबले नव्हते: अपघात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीने झाला आणि जमावाने ओढून मारहाण केली ती काही वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला, जिचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांवर एका मॉलमध्ये जमाव तुटून पडला. त्याआधी हे लोक नरभक्षक असल्याची कुजबुज पसरलेली होती. वर्णद्वेष परदेशातला आहे, असे म्हणणाऱ्या आपल्या सूचनेवर सही करण्यापूर्वी मंडळातील एकाला तरी या घटना आठवायला हव्या होत्या.

दुसरे कारण, हिंसेच्या वर्णनांचे. ‘ड्राय सप्टेंबर’मध्ये खुनाचे एकही वर्णन नाही. मोटारी वीटभट्टीकडे जातात आणि परततात, बस्स. पुढच्या दोन कथांमध्ये वर्णने आहेत, हे मला मान्य आहे. रिचर्ड राइट यांच्या ‘बिग बॉय लीव्ह्ज होम’मध्ये ओढ्यात पोहायला गेलेली चार कृष्णवर्णीय मुले एका गोऱ्या बाईच्या अचानक नजरेस पडतात, गुन्हा एवढाच, आणि तेवढ्यातून दोघांना गोळ्या घातल्या जातात, एकाला जाळले जाते. उरलेला ते सगळे टेकडीवरच्या खड्ड्यात लपून पाहतो. जेम्स बाल्डविन यांची १९६५ सालची ‘गोइंग टू मीट द मॅन’ याहून अवघड आहे, कारण तिच्यात आपण एका गोऱ्या पोलिसाच्या मनात शिरतो. लहानपणी आईबापांनी त्याला सहलीला न्यावे तसे, खाण्याचे डबे घेऊन, एका माणसाला जाळून मारताना पाहायला नेले होते. बापाने त्याला नीट दिसावे म्हणून खांद्यावर घेतले होते. हे ऐकताना अंगावर काटा येतो. यावा म्हणूनच ते लिहिले आहे. आठ वर्षांच्या त्या मुलाला त्या क्षणी आपल्या बापाविषयी पूर्वी कधी वाटले नव्हते एवढे प्रेम वाटते. द्वेष शिकवला कसा जातो, हे कोणत्याही समाजशास्त्रीय लेखापेक्षा त्या दोनचार पानांत अधिक कळते.

आणि हिंसा दाखवण्याचा प्रश्नच असेल, तर तिकडे त्या काळी झुंडबळींच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे विकली जात, आणि १९०८ साली ती टपालातून पाठवण्यास बंदी घालावी लागली. राईनपाड्याची चित्रफीत आपल्याकडे किती फोनांवर फिरली ते आठवावे. ती पाहताना मरणारा माणूस कोण, त्याच्या झोळीत काय होते, मारणाऱ्यांना त्याच्याविषयी आधी काय ‘माहीत’ होते, यातले काही कळत नाही. कथेत ते कळते. चित्रफिती पाहणाऱ्या वाचकांपासून कथा लपवून त्यांच्या मनाचे रक्षण होईल, असे मंडळास खरेच वाटते का?

तिसरे कारण सलोख्याचे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’तली क्लबची प्रकरणे आपण वाचणार होतो. हे लेखक १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांकडे, म्हणजे मराठी संस्थानातच, खाजगी चिटणीस होते. पुस्तक १९२४ चे. डॉ. अझीझवर एका इंग्रज मुलीने आरोप केला आहे. संध्याकाळी क्लबात गोरी मंडळी जमतात, आवाज खालचा ठेवतात, ‘बायकामुले’ हा शब्द पुन्हापुन्हा उच्चारतात आणि त्या शब्दाने एकमेकांना पेटवतात. एक तरुण लष्करी अधिकारी मैदानावर आपल्याबरोबर पोलो खेळलेल्या एका देशी माणसाची तारीफ करतो: तसा माणूस असेल तर तक्रार नाही, ठेचायला हवेत ते हे शिकलेले. तो खेळगडी अझीझच होता, हे त्याच्या गावीही नसते. मग मुलीचा वाग्दत्त वर आत येतो, सगळे आदराने उभे राहतात, आणि फील्डिंग नावाचा प्राचार्य तेवढा खुर्चीवर बसून राहतो. क्लबाचा सलोखा बिघडवला, हाच त्याच्यावरचा ठपका. या कादंबरीतली मला सर्वांत भयंकर वाटणारी झुंड ही आहे, चहापेयांसह बसलेली. (निकालानंतर हिंदी लोकांचा जमावही एका अफवेवरून इस्पितळावर चाल करून जातो, फॉर्स्टर कुणालाच सोडत नाहीत.) सलोखा म्हणजे सर्वांनी एकदम उभे राहणे असेल, तर तो सलोखा मला नको.

सहावे वाचन हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधल्या दोन प्रसंगांचे होते. १९६० ची ही कादंबरी आपल्या सभासदांत सर्वांत लोकप्रिय, आणि माझे तिच्याशी थोडे भांडण आहे, ते मी तिथे मांडणार होते. तुरुंगाच्या दाराशी जमलेली झुंड छोट्या स्काउटच्या बोलण्याने पांगते, कारण ती त्यांच्यातल्या एकाला नावाने हाक मारून त्याच्या मुलाची चौकशी करते. प्रसंग सुंदर आहे, आमच्या इस्त्रीवाल्याने मला तो शब्दश: पटवून दिला आहे. पण पुढे कचेरीत बसलेले बारा पंच डावा हात निकामी असलेल्या टॉम रॉबिन्सनला दोषी ठरवतातच, आणि तिथे कुणा मुलीच्या निरागसतेचा उपाय चालत नाही. पहिला प्रसंग सर्वांना पाठ असतो, दुसऱ्यावर कुणी रेंगाळत नाही. यावर आपल्या सभासदांनी माझ्याशी वाद घातला असता तर मला फार बरे वाटले असते.

निर्णयाच्या पद्धतीबद्दल थोडेच लिहिते. वाचन समितीला विचारले गेले नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांचे म्हणणे आम्हाला कळवले गेले नाही, की त्यांना आमच्यासमोर बोलावले गेले नाही. पुस्तके खुल्या मांडणीवरून काढून कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात ठेवली आहेत, आणि परवा एका विद्यार्थ्याने बागूलांचा संग्रह मागितला तेव्हा त्याला ‘कशासाठी हवा’ असे विचारण्यात आले. १८९२ साली मेम्फिसमध्ये आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय संपादक बाईंनी लिहिले की काळे पुरुष गोऱ्या बायकांवर बलात्कार करतात ही झिजलेली थाप या भागात कुणालाच खरी वाटत नाही; गावकऱ्यांनी त्यांचा छापखाना उद्ध्वस्त केला. आपले मंडळ आणि ती माणसे यांची मी मुळीच तुलना करत नाही. वाचकाला ‘कशासाठी हवा’ असे विचारणाऱ्या वाचनालयाला मात्र आपल्या संस्थापकांचे नाव घेताना थोडा संकोच वाटावा, एवढी अपेक्षा ठेवते.

माझ्या आणि या पत्राखाली सह्या करणाऱ्या सभासदांच्या मागण्या अशा:

पुढच्या दुसऱ्या रविवारपासून उरलेली चारही वाचने ठरल्या क्रमाने सुरू करावीत. राइट आणि बाल्डविन यांच्या कथांआधी त्यांतील हिंसेची स्पष्ट पूर्वसूचना फलकावर लावण्यास आणि त्या दोन वाचनांना अठरा वर्षांखालील मुलांना न बोलावण्यास आमची तयारी आहे.

कपाटातली सर्व पुस्तके खुल्या मांडणीवर परत ठेवावीत आणि लेखी परवानगीची अट रद्द करावी. ही मागणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. वाचने पुढे ढकलली तरी एकवेळ चालेल, पुस्तके कुलपात राहिलेली चालणार नाहीत.

ज्या बैठकीत हा ठराव झाला तिचे इतिवृत्त सभासदांना पाहायला द्यावे. ठरावाच्या विरोधात कुणी मत नोंदवले असल्यास तेही कळावे.

परत केलेला निबंध स्पर्धेत पुन्हा दाखल करून परीक्षकांकडे पाठवावा. बक्षीस द्या न द्या, तो त्यांचा प्रश्न आहे.

तक्रार करणाऱ्या सभासदांना एका वाचनात त्यांची बाजू मांडण्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा. त्यांचे नाव जाहीर करावे अशी माझी मागणी नाही. स्वत:हून पुढे आले तर त्यांचे स्वागत मी करीन.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्याची रीतसर सूचना मी वेगळ्या अर्जाने दिली आहे. त्याआधी मंडळास माझ्याशी बोलायचे असेल तर मी रविवारी संध्याकाळी वाचनकक्षात असते. उत्तर मात्र लेखी मिळावे आणि ते त्याच सूचनाफलकावर लागावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक आजीव सभासद आणि वाचन समितीची सदस्य
वडोदरा